मेरी ॲनिंग मराठी माहिती : समुद्रातील प्राचीन सरीसृप शोधणारी गरीब घरची मुलगी



मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात प्राण्यांचे गट शिकवत होते. देवमासा हा मासा नाही, तो सस्तन प्राणी आहे, तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, असं सांगितलं. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. बाई, मग तो पाण्यात गेलाच कशाला? आणि कसा गेला?

खरं सांगते, प्रश्न ऐकून मी दोन मिनिटं गप्प झाले. जमिनीवर राहणारे प्राणी समुद्रात कसे रुळले, हा मोठा विषय आहे. नुसती व्याख्या सांगून तो मुलांना कळणार नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी वर्गात एका मुलीची गोष्ट सांगितली. ती शाळेत फारशी गेली नव्हती. तिच्या घरात खायची भ्रांत होती. पण जमिनीवरून समुद्रात गेलेल्या प्राण्यांची हाडं तिने जगासमोर आणली. तिचं नाव मेरी ॲनिंग. आज तिचीच माहिती पाहू या.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : मेरी ॲनिंग
जन्म : २१ मे १७९९
जन्मगाव : लाइम रीजिस, डॉर्सेट, इंग्लंड
वडील : रिचर्ड ॲनिंग (सुतार)
भाऊ : जोसेफ
कार्य : जीवाश्मांचा शोध व अभ्यास
मृत्यू : ९ मार्च १८४७

जन्म आणि बालपण

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. समोर समुद्र आणि बाजूला उंच कडे. हे कडे चुनखडी आणि चिखलाच्या थरांचे बनलेले आहेत. हे थर सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले. पावसाळी हवेत कडे ढासळतात आणि आत दडलेले जीवाश्म बाहेर पडतात. जीवाश्म म्हणजे फार पूर्वी मेलेल्या जीवांचे दगड झालेले अवशेष.

या गावात रिचर्ड ॲनिंग नावाचा सुतार राहत होता. त्याला बरीच मुलं झाली, पण जोसेफ आणि मेरी ही दोघंच मोठी होईपर्यंत जगली. मेरीच्या जन्माआधी तिची एक बहीण घरात आगीत भाजून गेली होती. तिचंही नाव मेरी होतं. तेच नाव या मुलीला ठेवलं.

मेरी सव्वा वर्षाची असताना एक विलक्षण घटना घडली. १९ ऑगस्ट १८०० रोजी गावात घोड्यांचे खेळ चालू होते. शेजारची एक बाई मेरीला कडेवर घेऊन खेळ बघायला गेली. अचानक वादळ आलं. ती बाई आणि आणखी दोघी जणी एका झाडाखाली थांबल्या आणि झाडावर वीज पडली. तिघीही जागीच गेल्या. मेरी मात्र वाचली.

मेरीला नेहमीची शाळा मिळाली नाही. ॲनिंग कुटुंब इंग्लंडच्या अधिकृत चर्चपेक्षा वेगळ्या पंथाचं होतं. त्यांच्या पंथाच्या रविवारच्या शाळेत ती लिहायला-वाचायला शिकली. एवढंच तिचं शिक्षण.

दगड विकून पोट भरणारे कुटुंब

त्या काळात लाइम रीजिसला श्रीमंत लोक हवापालटासाठी येत. रिचर्ड किनाऱ्यावर फिरून चमत्कारिक दिसणारे दगड गोळा करायचा, साफ करायचा आणि या पाहुण्यांना विकायचा. बरोबर दोन्ही मुलांना न्यायचा. गोल वेटोळ्यासारख्या दगडांना गावातले लोक साप-दगड म्हणत. लांबट टोकदार दगडांना सैतानाची बोटं म्हणत. यांतले साप-दगड म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचे अवशेष. मित्रांनो, आपल्याकडे देव्हाऱ्यात शाळिग्राम असतो ना? नेपाळमधल्या गंडकी नदीत मिळणारा शाळिग्राम हाही अमोनाइटचाच जीवाश्म आहे. म्हणजे हा जीव आपल्यालाही अगदी अनोळखी नाही.

१८१० मध्ये रिचर्डचं निधन झालं. तो कड्यावरून पडून जखमी झाला होता आणि त्याला क्षयही होता. मागे १२० पौंडांचं कर्ज राहिलं. घरात कमावणारं कोणी नाही. गावाकडून गरिबांना मिळणाऱ्या मदतीवर आई आणि मुलं दिवस काढू लागली. मेरी तेव्हा अकरा वर्षांची होती. आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलीएवढी! वडिलांनी शिकवलेलं एकच काम तिला येत होतं. हातोडी आणि टोपली घेऊन ती किनाऱ्यावर जाऊ लागली.

हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. जीवाश्म सर्वांत जास्त सापडायचे ते हिवाळ्यात, वादळानंतर, दरड कोसळल्यावर. भरती यायच्या आत दगड बाहेर काढायचा, नाहीतर लाटा तो घेऊन जाणार. वरून पुन्हा दरड कोसळायची भीती असायचीच.

पहिला मोठा शोध : इक्थिओसॉर

१८११ मध्ये जोसेफला कड्याजवळ एक प्रचंड कवटी दिसली. तिची लांबी सुमारे चार फूट होती. लांब जबडा, त्यात टोकदार दात आणि ताटलीएवढा डोळ्याचा खळगा. सगळ्यांना वाटलं, मगर असणार. जोसेफ दुसरीकडे काम शिकायला जात होता, त्यामुळे बाकीचं शरीर शोधायचं काम मेरीकडे आलं. पुढच्या वर्षी, म्हणजे १८१२ मध्ये, तिला ते सापडलं. मजूर लावून सांगाडा खणून काढला. तो सुमारे १७ फूट लांब होता. मेरी तेव्हा फक्त बारा-तेरा वर्षांची होती.

गावच्या जमीनदाराने तो सांगाडा २३ पौंडांना विकत घेतला. पुढे तो लंडनच्या एका खासगी संग्रहालयात मांडला गेला आणि १८१९ मध्ये ब्रिटिश म्युझियमने घेतला. विद्वान मंडळी मात्र गोंधळून गेली. हा मासा की मगर? मणके माशासारखे, दात मगरीसारखे, आणि पाय? पायांच्या जागी वल्ह्यासारखे पर! शेवटी त्याला इक्थिओसॉर हे नाव मिळालं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मासा-सरडा.

जमिनीवरचा प्राणी समुद्रात कसा रुळला?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इक्थिओसॉर दिसायला माशासारखा, पण तो मासा नव्हता. तो सरीसृप होता, म्हणजे पाल, सरडा, मगर यांच्या गटातला. त्याचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. हे कशावरून? त्याच्या हाडांवरून. नीट बघा :

१) पर : इक्थिओसॉरच्या परात दंडाचं हाड, कोपराखालची दोन हाडं, मनगट आणि बोटं, सगळं काही आहे. माशाच्या परात अशी रचना नसते. फक्त दंडाचं हाड आखूड झालं आणि बोटातल्या हाडांची संख्या वाढली. आपल्या एका बोटात तीन हाडं असतात. काही इक्थिओसॉरच्या एका बोटात वीसहून जास्त होती! म्हणजे चालायच्या पायाचं वल्हं झालं.

२) श्वास : त्याला कल्ले नव्हते. नाकपुड्या डोळ्यांजवळ होत्या. त्यामुळे श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावंच लागे.

३) शेपूट : मेरीच्या काळात सापडणाऱ्या सांगाड्यांची शेपूट टोकाला खाली वाकलेली दिसे. सुरुवातीला लोकांना वाटलं, मोडली असेल. पण प्रत्येक सांगाड्यात त्याच जागी वाकलेली कशी? नंतर कळलं, तिथे माशासारखा उभा शेपटीचा पर होता. जर्मनीत तर त्वचेची आकृती उमटलेले जीवाश्म मिळाले आणि खात्रीच पटली.

४) डोळे : डोळ्याभोवती हाडांच्या चकत्यांचं कडं होतं. मोठ्या जातींचा डोळा वीस सेंटीमीटरपेक्षाही रुंद होता. खोल पाण्यात उजेड कमी असतो. तिथे शिकार दिसायला असे डोळे उपयोगी पडले.

५) पिल्लं : सरीसृप बहुतेक अंडी घालतात आणि अंड्यातल्या पिल्लाला हवा लागते, ती पाण्यात गुदमरतात. म्हणून समुद्री कासव अंडी घालायला किनाऱ्यावर येतं. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं येतात, ती याचसाठी. पण इक्थिओसॉरला वाळूवर चढता येत नव्हतं. मग त्याने काय केलं? तो अंडी न घालता पाण्यातच पिल्लांना जन्म देत असे. पोटात पिल्लं असलेले सांगाडे सापडले आहेत.

हे बदल एका प्राण्याच्या आयुष्यात झाले नाहीत. कोणी ठरवून पाण्यात उडी मारली आणि पर फुटले, असं होत नसतं. किनाऱ्याजवळ अन्न भरपूर असेल, तर ज्यांना थोडं बरं पोहता येतं ते जास्त जगतात आणि त्यांची पिल्लं वाढतात. असं पिढ्यान् पिढ्या, लाखो वर्षं घडत राहिलं. मागच्या बाकावरच्या मुलीला मी हेच उत्तर दिलं.

गंमत अशी की इक्थिओसॉर आणि डॉल्फिन यांचं जवळचं नातं नाही. एक सरीसृप, दुसरा सस्तन. तरी दोघांचा आकार जवळपास सारखाच. पाणी कापत वेगाने पोहायचं तर असाच आकार सोयीचा असतो. फरक शेपटीत. इक्थिओसॉरचा शेपटीचा पर उभा, तो डावीकडे-उजवीकडे हलायचा. डॉल्फिन आणि देवमाशाचा आडवा, तो वर-खाली हलतो. जमिनीवर धावणाऱ्या सस्तन प्राण्यांचा कणा वर-खाली वाकतो. पाण्यात गेल्यावरही त्यांनी ती सवय सोडली नाही!

यातलं बरंचसं ज्ञान मेरीच्या नंतरचं आहे. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक १८५९ मध्ये आलं, तेव्हा मेरी जाऊन बारा वर्षं झाली होती. पण ज्या हाडांवरून हे कळलं, त्यांतली कितीतरी तिने आपल्या हाताने काढलेली होती.

लांब मानेचा प्राणी आणि खोटेपणाचा संशय

डिसेंबर १८२३ मध्ये मेरीला आणखी एक सांगाडा सापडला. तो सुमारे नऊ फूट लांब होता. डोकं अगदी छोटं, चार मोठे वल्ह्यांसारखे पाय आणि मान? मान एवढी लांब की बघणाऱ्याचा विश्वास बसेना. हा प्लेसिओसॉर. त्याचे तुटक अवशेष पूर्वी मिळाले होते, पण पूर्ण सांगाडा प्रथमच मिळत होता.

सांगाड्याचं चित्र पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए यांच्याकडे गेलं. क्युव्हिए म्हणजे त्या काळचे प्राण्यांच्या हाडांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांना शंका आली. सरीसृपाच्या मानेत एवढे मणके नसतात, इथे तर तिसाहून जास्त! दोन वेगळ्या प्राण्यांची हाडं जोडली असावीत, असं त्यांना वाटलं.

मित्रांनो, जरा विचार करा. मेरीचं घर चालत होतं ते विश्वासावर. एकदा का ही बाई खोटे सांगाडे विकते असं ठरलं, की पुन्हा कोणी तिच्याकडून एक दगडसुद्धा घेणार नव्हतं. समोर युरोपातले सर्वांत मोठे विद्वान. इकडे चोवीस वर्षांची, शाळा न शिकलेली, सुताराची मुलगी.

फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेत, म्हणजे जिऑलॉजिकल सोसायटीत, यावर चर्चा झाली. विल्यम कॉनिबेअर यांनी सांगाड्याचं वर्णन मांडलं. सांगाडा खरा ठरला. क्युव्हिए यांनीही आपली चूक मान्य केली. मेरीने एकही हाड खोटं जोडलेलं नव्हतं.

पण त्या सभेत मेरी नव्हती. संस्थेत स्त्रियांना सभासद होता येत नव्हतं. विसाव्या शतकापर्यंत हीच स्थिती राहिली. एवढंच नाही, तर कॉनिबेअर यांच्या त्या वर्णनात सांगाडा शोधणाऱ्या मेरीचं नावही नव्हतं.

इतर शोध आणि अभ्यास

• १८२६ मध्ये मेरीने साठवलेल्या पैशांतून घर घेतलं. त्याच्या पुढच्या भागात काचेची खिडकी असलेलं जीवाश्मांचं दुकान थाटलं.
• १८२८ मध्ये तिला उडणाऱ्या सरीसृपाचा सांगाडा सापडला. असा सांगाडा ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच मिळत होता. पुढे त्याला डायमॉर्फोडॉन नाव मिळालं.
• इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी काही गोळे मिळत. ते फोडले की आत माशांची हाडं आणि खवले दिसत, हे मेरीच्या लक्षात आलं. यावरून विल्यम बकलंड यांनी ते विष्ठेचे जीवाश्म आहेत असं १८२९ मध्ये मांडलं. म्हणजे तो प्राणी काय खात होता हेही कळलं!

ती नुसती शोधून विकत नव्हती. ती मासे आणि माकुळासारखे प्राणी कापून त्यांची आतली रचना बघायची आणि दगडातल्या अवशेषांशी ताडून पाहायची. विकत घेणं परवडत नसे, म्हणून शास्त्रज्ञांचे लेख मागून आणून हाताने उतरवून काढायची, आकृत्यांसकट. एलिझाबेथ फिलपॉट ही तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठी, चांगल्या घरातली बाई तिची मैत्रीण होती. तिनेच मेरीला वाचनाची गोडी लावली.

अडचणींचे दिवस

मेरीच्या आयुष्यात पैसा कधी टिकला नाही. चांगला सांगाडा मिळाला तर भरपूर पैसे, नाहीतर महिनोन्महिने काही नाही. १८२० मध्ये भाड्यासाठी घरातलं सामान विकायची वेळ आली. तेव्हा थॉमस बर्च या जीवाश्म जमवणाऱ्या गृहस्थाने आपला सगळा संग्रह लिलावात काढला आणि मिळालेले सुमारे ४०० पौंड या कुटुंबाला दिले. १८३० मध्ये हेन्री डी ला बीच या भूशास्त्रज्ञ मित्राने मेरीला सापडलेल्या प्राण्यांवरून प्राचीन समुद्राचं चित्र काढलं. त्याच्या छापील प्रतींचे पैसे तिला दिले.

१८३३ मध्ये तर ती थोडक्यात वाचली. तिचा ट्रे नावाचा कुत्रा रोज तिच्याबरोबर असायचा. एक दिवस अचानक दरड कोसळली. तिच्या डोळ्यांदेखत, अगदी पायाशी, तो गाडला गेला. मेरी तरीही किनाऱ्यावर जातच राहिली. दुसरा मार्ग नव्हता.

पुढे १८३५ च्या सुमारास एका चुकीच्या गुंतवणुकीत तिची बचत बुडाली. बकलंड यांनी खटपट करून तिला वर्षाला २५ पौंड मिळतील अशी सोय केली.

शेवटचे दिवस आणि नंतरचा सन्मान

मेरीला स्तनाचा कर्करोग झाला. ९ मार्च १८४७ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ती गेली. ज्या संस्थेने तिला कधी आत घेतलं नाही, त्याच संस्थेचे अध्यक्ष असलेल्या डी ला बीच यांनी सभेत तिच्या कार्याला आदरांजली वाहिली. १८५० मध्ये संस्थेच्या सभासदांनी लाइम रीजिसच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली.

२०१० मध्ये रॉयल सोसायटीने विज्ञानावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या दहा ब्रिटिश स्त्रियांच्या यादीत तिचं नाव घेतलं. २०२२ मध्ये तिच्या जन्मदिनी गावात तिचा पुतळा उभा राहिला. हातात हातोडी, काखेत टोपली आणि सोबत ट्रे कुत्रा. हा पुतळा व्हावा म्हणून मोहीम सुरू करणारी एक शाळकरी मुलगीच होती, हे मला फार आवडलं.

आपल्या देशातील पुरावे

आपल्या शेजारी गुजरातमध्ये, कच्छमधल्या लोडाई गावाजवळ इक्थिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. २०१७ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. तो सुमारे साडेपाच मीटर लांब असून सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कच्छमध्येच प्राचीन देवमाशांचेही अवशेष सापडले आहेत. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातून मिळालेला इंडोहायस हा छोट्या हरणाएवढा, खुरांचा प्राणी तर देवमाशांच्या पूर्वजांचा जवळचा नातेवाईक मानला जातो. म्हणजे देवमासा पाण्यात कसा गेला, या गोष्टीची सुरुवात आपल्याच भागात झाली!

आपण काय शिकलो?

मेरीकडे पदवी नव्हती, पैसा नव्हता, ओळख नव्हती. पण तिचं निरीक्षण पक्कं होतं आणि काम प्रामाणिक होतं. म्हणूनच एवढ्या मोठ्या विद्वानांसमोर तिचा सांगाडा खरा ठरला. तिचं नाव मात्र त्या कागदावर लिहिलं गेलं नाही, ही चूक सुधारायला जगाला फार वर्षं लागली. आपल्या वर्गात एखादं मूल नवीन काही शोधून आणतं, वेगळा प्रश्न विचारतं. तेव्हा ते कोणी विचारलं, कोणी आणलं, हे सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगायला हवं. मी आता तसं करते. त्या दिवशीचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि खाली त्या मुलीचं नाव लिहिलं. दिवसभर ते पुसू दिलं नाही.

शब्दार्थ

जीवाश्म – दगडात रूपांतर झालेले प्राचीन जीवांचे अवशेष
सरीसृप – पाल, साप, कासव, मगर यांचा गट
अनुकूलन – परिसराप्रमाणे पिढ्यान् पिढ्या शरीरात होणारे बदल
भ्रांत – चिंता, विवंचना

स्वाध्याय

१) इक्थिओसॉर मासा नव्हता, हे कोणत्या खुणांवरून कळते?
२) समुद्री कासव किनाऱ्यावर का येते? इक्थिओसॉरला तशी गरज का नव्हती?
३) डॉल्फिन आणि इक्थिओसॉर यांच्या शेपटीतील फरक चित्र काढून दाखवा.
४) मेरीचे नाव त्या सभेत का घेतले गेले नसेल? गटात चर्चा करा.
५) उपक्रम : आपल्या नदी-ओढ्याकाठचे पाच वेगवेगळे दगड आणा. ते कोठे व कधी मिळाले, ते कागदावर लिहा. खाली शोधणाऱ्याचे नाव लिहायला विसरू नका!

माहिती आवडल्यास आपल्या वर्गात नक्की वाचून दाखवा.